वाट देणारे आणि वाट काढणारे

फ्रान्समधल्या ल मां शहराबाहेर दर वर्षी जूनच्या सुमारास चोवीस तासांची मोटारशर्यत होते. २०२४ साली तिथे ६२ गाड्या होत्या: २३ हायपरकार, १६ एलएमपी२ आणि २३ एलएमजीटी३. तिन्ही वर्गांचा वेग वेगळा, बक्षिसं वेगळी, रस्ता मात्र एकच. एका फेरीचं अंतर साधारण १३.६ किलोमीटर. हायपरकार ते साडेतीन मिनिटांच्या आसपास कापते, जीटी३ला चार मिनिटं लागतात.

आता जरा गणित करू. दर फेरीला तीस सेकंदांचा फरक. म्हणजे एक हायपरकार एका जीटी३ला दर अठ्ठावीस मिनिटांनी एका फेरीने मागे टाकणार. पिटस्टॉप, पाऊस, सेफ्टी कार हे सगळं बाजूला ठेवलं तर चोवीस तासांत पन्नासेक वेळा. समोर जीटी३ आहेत २३. म्हणजे एकट्या हायपरकारला फक्त या एका वर्गातल्या गाड्या हजाराहून अधिक वेळा ओलांडायच्या आहेत, त्यातल्या कित्येक रात्री. आणि जीटी३च्या ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर? २३ हायपरकार, प्रत्येक अठ्ठावीस मिनिटांनी एकदा. सरासरी दर सव्वा मिनिटाला आरशात कुणाचे तरी दिवे चमकणार. एलएमपी२ वेगळ्याच.

या प्रत्येक वेळी दोन माणसांमध्ये एक करार होतो. बोलायला वेळ नसतो, दोघं एकमेकांना बहुधा ओळखत नसतात, आणि तरी एकाने दुसऱ्याचा अंदाज घ्यायचा असतो. वाट कुणी द्यायची आणि कुणी काढायची? प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो, पण त्याचं उत्तर ठरायला जवळपास शंभर वर्षं लागली आणि त्यात माणसं मेली. ऑनलाइन शर्यतींमध्ये, म्हणजे घरी स्टिअरिंग आणि पेडल लावून धावायच्या सिम रेसिंगमध्ये, हाच प्रश्न रोज रात्री नव्याने विचारला जातो. मी स्वतः अशा शर्यतींत बहुतेक वेळा संथ वर्गातली गाडी घेतो, त्यामुळे आरशातल्या दिव्यांच्या बाजूने मला या इतिहासात जास्त रस आहे.

छोट्या गाडीची स्वतःची शर्यत

पहिली गोष्ट ही, की संथ गाड्या या शर्यतीत चुकून आलेल्या नाहीत. १९२३च्या मे महिन्यात ल मांची पहिली शर्यत झाली तेव्हा ३३ गाड्या सुटल्या. प्रत्येक गाडीला इंजिनाच्या आकारानुसार एक किमान अंतर ठरवून दिलेलं होतं. मोठ्या इंजिनाला जास्त, छोट्याला कमी. कल्पना अशी होती की ही रोजच्या वापरातल्या गाड्यांच्या टिकाऊपणाची परीक्षा आहे, आणि अकराशे सीसीच्या गाडीची परीक्षा तीन लिटरच्या गाडीशी तुलना करून घ्यायची नाही.

पुढे 'इंडेक्स ऑफ परफॉर्मन्स' नावाचं बक्षीस आलं. आपल्या आकाराच्या मानाने सर्वांत जास्त अंतर कापणाऱ्या गाडीला ते मिळे. पहिलं येण्याची सुतराम शक्यता नसलेल्या छोट्या फ्रेंच गाड्या या बक्षिसासाठी जिवाचं रान करत. म्हणजे आपण 'मागे पडलेली गाडी' म्हणतो, ती पुष्कळदा मागे पडलेली नसतेच. ती तिच्या शर्यतीत पहिली असू शकते. तिचा ड्रायव्हर वाटेतला अडथळा नाही, स्पर्धक आहे. तुम्ही मागून येऊन तिला भलत्या जागी बाजूला व्हायला लावलंत, तर तुमचा अर्धा सेकंद वाचेल आणि तिचं बक्षीस जाईल.

हे एकदा मान्य केलं की 'हळू जाणाऱ्याने बाजूला व्हावं' हा वरवर उघड वाटणारा नियम डळमळायला लागतो.

११ जून १९५५

मोटारशर्यतींच्या इतिहासातला सर्वांत भीषण अपघात एका संथ गाडीला ओलांडताना झाला. संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते. माइक हॉथॉर्नच्या जॅग्वारने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मुख्य ग्रँडस्टँडच्या अलीकडे ओलांडलं. मॅकलिनची गाडी पुष्कळच संथ होती. ओलांडून झाल्यावर हॉथॉर्न उजवीकडे आला आणि पिटमध्ये जाण्यासाठी त्याने ब्रेक लावले. जॅग्वारला डिस्क ब्रेक होते, त्या काळच्या मानाने फार जोरकस. मॅकलिनने समोरच्या गाडीला धडक बसू नये म्हणून डावीकडे घेतलं. डावीकडून पिएर लवेगची मर्सिडीज ताशी २४० किलोमीटरच्या आसपास येत होती. ती मॅकलिनच्या गाडीच्या मागच्या बाजूवर चढली, उडाली, आणि तिचे तुकडे प्रेक्षकांमध्ये घुसले. लवेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. शर्यत थांबवली नाही. ती हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूबने जिंकली.

दोष कुणाचा, यावर पुढची कित्येक दशकं वाद झाले. हॉथॉर्नने ओलांडल्या ओलांडल्या ब्रेक का लावले? मॅकलिनने आरसा का पाहिला नाही? अधिकृत चौकशीने मात्र कुणाही एका ड्रायव्हरला दोषी धरलं नाही. पिटसाठी वेगळी मार्गिका नव्हती, रस्ता अरुंद होता, प्रेक्षक आणि गाड्या यांच्यामध्ये पुरेसा आडोसा नव्हता. १९५६च्या शर्यतीआधी ग्रँडस्टँड आणि पिटचा तो भाग पाडून नव्याने बांधला, रस्ता रुंद केला. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली.

त्या काही क्षणांकडे अंदाजाच्या अंगाने पाहिलं तर एक गोष्ट दिसते. मॅकलिनने जे केलं ते त्याच्या जागी कुणीही केलं असतं. समोर अचानक ब्रेक लागले की हात आपोआप स्टिअरिंग फिरवतो. पण त्याच्या मागच्या माणसाला ती हालचाल आधी कळणं अशक्य होतं. मागचा माणूस पुढच्या गाडीचा एक अंदाज बांधून त्यावर स्वतःचा जीव लावत असतो. तो अंदाज मोडला की सावरायला वेळ उरत नाही.

निळ्या झेंड्याचे दोन अर्थ

मोटारशर्यतीत निळा झेंडा म्हणजे 'मागून वेगवान गाडी येते आहे'. पण या झेंड्याचा अर्थ सगळीकडे सारखा नाही. फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या गाड्या एकाच वर्गातल्या. तिथे एका फेरीने मागे पडलेल्या ड्रायव्हरला निळा झेंडा म्हणजे हुकूम असतो: पहिल्या संधीला वाट द्या, नाहीतर दंड. मल्टिक्लास सहनशक्तीच्या शर्यतींत तोच झेंडा बव्हंशी सूचना असतो. मागे कोण आहे ते लक्षात ठेवा, आडवे येऊ नका. वाट काढायचं काम मुख्यतः मागच्याचं.

आपल्याकडच्या महामार्गावर हा फरक चटकन कळतो. मागच्याने डिपर मारला तर त्याचा अर्थ 'मी आहे' असा घ्यायचा, की 'हो बाजूला' असा? मल्टिक्लासच्या रिवाजात डिपरचा अर्थ पहिला आहे. वेगवान गाडी दिवे उघडझाप करते ते स्वतःची वर्दी द्यायला. सतत डिपर मारत शेपटीला चिकटून येणारा ड्रायव्हर तिथेही आपल्या इथल्याइतकाच नकोसा.

पण हुकूम असूनही वाट देणं किती धोक्याचं असू शकतं, याचं उत्तम उदाहरण फॉर्म्युला वनमध्येच आहे. ११ सप्टेंबर १९८८, इटलीतलं मोंझा. त्या वर्षी मॅकलारेनने सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. हरली ती ही एक. शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना आयर्टन सेना आघाडीवर होता आणि त्याच्या पुढे होता जाँ-लुई श्लेसर. आजारी नायजेल मॅन्सेलच्या जागी आलेला बदली ड्रायव्हर, दुसऱ्या दिवशी चाळिशी पूर्ण करणारा. सेना आल्याचं पाहून श्लेसरने पहिल्या शिकेनजवळ त्याला जागा देण्यासाठी गाडी बाहेर ठेवली. ब्रेक लॉक झाले, गाडी खडीच्या कडेला जाऊ लागली. ती सावरून तो परत वळला, आणि त्याच जागी, 'आता हा गेलाच' असं धरून सेना आत वळत होता. टक्कर झाली, सेना बाहेर. फेरारीच्या गेरहार्ड बर्गर आणि मिकेले आल्बोरेतो यांनी पहिली दोन स्थानं घेतली, एन्झो फेरारी वारल्यानंतर महिन्याभरात, त्यांच्याच देशात. तिथल्या प्रेक्षकांना त्यात दैवी संकेत दिसला असेल तर नवल नाही.

श्लेसरला त्यानंतर पुष्कळांनी मूर्खात काढलं. पण घटनेचा क्रम नीट पाहिला तर त्याचा गुन्हा आडमुठेपणाचा नव्हता. तो सौजन्य दाखवायला गेला आणि ते दाखवताना स्वतःच्या नेहमीच्या रेषेवरून हलला. सेनाने त्याच्या सौजन्याचा एक अर्थ लावला, गाडीने दुसराच घेतला. मल्टिक्लासचे जुने ड्रायव्हर नवख्याला जे पहिलं वाक्य सांगतात त्याचं मूळ इथे सापडतं: बाजूला होऊ नकोस, तुझ्या रेषेवर राहा. मी कुठून जायचं ते मी बघतो.

ज्याला दिसतं त्याची जबाबदारी

या वाक्याच्या मुळाशी एक सरळ तर्क आहे. मागच्याला पुढचा पूर्ण दिसतो: त्याची गाडी, त्याची रेषा, पुढचं वळण, सगळं एकाच चौकटीत. पुढच्याला मागचा फक्त आरशात दिसतो, तोही तळहाताएवढा आणि रात्री नुसता प्रकाशाचा ठिपका. निर्णय घ्यायला लागणारी माहिती ज्याच्याकडे जास्त, जबाबदारी त्याच्याकडे जास्त. पुढच्याचं कर्तव्य एवढंच, की त्याने वाचता येण्यासारखं वागावं.

हा तर्क सगळ्यांना मान्य असतो, निदान गाडीबाहेर उभं असताना. २०११च्या ल मांमध्ये ऑडीच्या तीनपैकी दोन गाड्या संथ वर्गातल्या फेरारींना ओलांडताना नष्ट झाल्या. पहिल्या तासात अ‍ॅलन मॅक्निश आपल्याच संघाच्या गाडीला ओलांडून आतल्या बाजूने शिरला. तिथे एका फेरारीशी गाठ पडली, आणि ऑडी टायरच्या भिंतीवर जाऊन उडाली. भिंतीपलीकडे छायाचित्रकार उभे होते, ते थोडक्यात वाचले. रात्री माइक रॉकेनफेलरची गाडी ताशी तीनशेच्या आसपास वेगात असताना रॉब कॉफमनच्या फेरारीला लागून तिच्या ठिकऱ्या झाल्या. दोन्ही ड्रायव्हर बचावले, हे त्या गाड्यांच्या कार्बन फायबरचं श्रेय. कॉफमन हौशी ड्रायव्हर होता. अधिकाऱ्यांनी त्याला उरलेल्या शर्यतीत गाडी चालवू दिली नाही. पुढच्या वर्षी अँथनी डेव्हिडसनची टोयोटा म्युल्सान वळणापाशी आणखी एका फेरारीला लागून हवेत उलटली आणि त्याच्या पाठीचे दोन मणके मोडले. त्याही फेरारीत हौशी ड्रायव्हर होता.

अशा वेळी 'हौशी लोकांना बंदी घाला' अशी मागणी ठरलेली. पण सहनशक्तीच्या शर्यतींचा डोलारा बऱ्याच अंशी याच लोकांच्या पैशावर उभा आहे. आजही एलएमजीटी३ वर्गातल्या प्रत्येक गाडीत एक ड्रायव्हर 'ब्राँझ' श्रेणीचा, म्हणजे हौशी, असावाच लागतो. त्यांना काढलं तर हायपरकारना ओलांडायला गाड्याच उरणार नाहीत.

अभियंत्यांनी मग दुसरी वाट धरली. पुढच्याला कमी दिसतं ना, मग त्याला जास्त दाखवा. ऑडीने २०१२मध्ये आपल्या बंदिस्त गाडीत मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा पडदा बसवला. २०१३मध्ये कॉर्वेटच्या संघाने मागे रडार लावलं. मागून येणारी गाडी किती लांब आहे, किती वेगाने जवळ येते आहे आणि कुठल्या बाजूने जाईल, हे ड्रायव्हरला पडद्यावर रंगीत खुणांनी दिसू लागलं. माझ्या मते १९५६च्या रुंद रस्त्यानंतर या प्रश्नाला मिळालेलं हे सर्वांत शहाणं उत्तर. त्यात कुणाला दोष दिलेला नाही, फक्त माहितीची दरी थोडी बुजवली आहे.

पडद्यावरची गाडी खरी कुठे असते?

आता ऑनलाइन शर्यतीकडे येऊ. डेव्ह केमर हे या क्षेत्रातलं एक मोठं नाव. त्यांच्या पपायरस कंपनीचा 'ग्रँड प्रिक्स लेजंड्स' १९९८मध्ये आला. पुढे त्यांनी जॉन हेन्री यांच्यासोबत आयरेसिंग उभारलं, ते २००८मध्ये लोकांसाठी खुलं झालं. ठरलेल्या वेळी शर्यत, अनोळखी प्रतिस्पर्धी, आणि वर्तनावरून ठरणारा परवाना, ही त्याची रचना. जून २०२०मध्ये कोविडमुळे खरी ल मां सप्टेंबरवर ढकलली गेली तेव्हा तिच्या तारखांना आभासी ल मां झाली. तिथेही दोन वर्ग होते, ५० गाड्या होत्या आणि २०० ड्रायव्हर. व्यावसायिक रेसर आणि सिम रेसर एकाच गाडीत आळीपाळीने बसत होते.

सिममध्ये जीव जात नाही. पण दिसण्याची अडचण वाढते. साध्या मॉनिटरवर शेजारची गाडी दिसतच नाही, म्हणून कानात एक आवाज 'डावीकडे गाडी' असं सांगत असतो. शिवाय एक अडचण अशी आहे जी खऱ्या रस्त्यावर कधीच नव्हती, आणि ती माझ्या धंद्यातली आहे.

तुमच्या पडद्यावर दिसणारी दुसऱ्याची गाडी ही बातमी आहे, आणि बातमी शिळी असते. त्याच्या संगणकाकडून सर्व्हरकडे, सर्व्हरकडून तुमच्याकडे यायला वेळ लागतो. भारतातून परदेशी सर्व्हरवर खेळणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. समजा एकूण उशीर ०.१५ सेकंदाचा आहे आणि गाडी ताशी २५० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला साधारण ७० मीटर वेगाने जाते आहे. तेवढ्या वेळात ती दहा मीटरहून पुढे गेली. दोन गाड्यांच्या लांबीपेक्षा जास्त. म्हणून सॉफ्टवेअर शेवटची माहिती घेऊन गाडी आत्ता कुठे असेल याचा अंदाज बांधतं आणि तो अंदाज तुम्हाला दाखवतं. जुन्या काळी खलाशी वेग आणि दिशा यांवरून समुद्रातलं स्वतःचं ठिकाण ठरवत, तोच हिशेब.

गाडी आपल्या रेषेवर, अपेक्षित जागी ब्रेक लावत असेल तर हा अंदाज फार चुकत नाही. ती अचानक वळली किंवा मध्येच ब्रेक लावला, तर तुमच्या पडद्यावर ती काही क्षण अजूनही सरळच जात असते. 'तुझ्या रेषेवर राहा' हा माणसांसाठी बनलेला जुना रिवाज इथे अक्षरशः संगणकालाही लागू पडतो. सौजन्याने मध्येच बाजूला होणारा ड्रायव्हर मागच्या माणसाला तर गोंधळात टाकतोच, मधल्या सर्व्हरलाही टाकतो.

त्यामुळे चांगल्या ऑनलाइन शर्यतींत जुनेच नियम जास्त काटेकोरपणे पाळले जातात. वेगवान गाडीने वाट काढायची. संथ गाडीने आपली रेषा सोडायची नाही आणि अडवायचंही नाही. वळणाच्या आत उशिरा घुसायचं नाही. सरळ रस्ता जवळ असेल तर थांबायचं. संथ गाडीला मदत करायचीच असेल तर सरळ रस्त्यावर किंचित लवकर पाय उचलायचा, वळणात कधी नाही. आणि समोर दोन संथ गाड्या आपापसांत झुंजत असतील तर त्यांची झुंज ही त्यांची शर्यत आहे, हे लक्षात ठेवायचं.

आयरेसिंगने याला एक कडक जोड दिली. तिथे टक्कर झाली की दोन्ही गाड्यांना 'इन्सिडंट'चे गुण लागतात, जोरदार धडकेला चार. चूक कुणाची हे यंत्रणा बघत नाही. नवख्याला हा उघड अन्याय वाटतो: मागून येऊन मला ठोकलं, आणि गुण मलाही? तक्रारीची सोय वेगळी असते, पण गुण दोघांनाच. प्रोग्रामरच्या नजरेने पाहिलं तर कारण कळतं. दोन गाड्यांचा वेग आणि कोन मोजता येतो, हेतू मोजता येत नाही. १९५५च्या चौकशीलाही शेवटी तो मोजता आला नव्हता. दोघांनाही किंमत मोजावी लागणार असेल, तर 'माझा हक्क होता' या समाधानाला काही मोल उरत नाही, आणि दोघंही टक्कर टाळण्याच्या कामाला लागतात.

तरीही या व्यवस्थेत मला एक खोट दिसते. गुण समान असले तरी शिव्या समान नसतात. व्हॉइस चॅटवर 'हट बाजूला' ऐकू येतं ते नेहमी वेगवान गाडीतून संथ गाडीकडे. उलट दिशेने क्वचितच. आणि ते ऐकून नवखा माणूस नेमकी नको ती गोष्ट करतो: घाबरून बाजूला होतो, श्लेसरसारखा. दोन-चार शर्यतींत असा अनुभव आला की तो मल्टिक्लास सोडून देतो. मग वेगवान वर्गातले लोक तक्रार करतात की हल्ली संथ वर्गात कुणी येतच नाही.

शंभर वर्षांपूर्वी ल मांच्या आयोजकांनी छोट्या गाडीला तिचं स्वतःचं अंतर ठरवून दिलं, तेव्हा तिला रस्त्यावर समान हक्क दिला होता. बाकीचे सगळे नियम, झेंडे, आरसे, रडार, इन्सिडंटचे गुण, हे त्या हक्काचा व्यवहार कसा चालवायचा याचे तपशील आहेत. त्यात संथ माणसाकडून एकच गोष्ट मागितलेली आहे: त्याने ओळखू येईल असं वागावं. वेगवान माणसाकडून थोडी जास्त मागितली आहे, कारण त्याच्याकडे वेगही जास्त आहे आणि दृष्टीही. त्याने थांबायला शिकावं. अठ्ठावीस मिनिटांनी तो पुन्हा याच गाडीच्या मागे येणार आहे, आणि तेव्हाही तिच्या ड्रायव्हरने आपल्या रेषेवर शांतपणे राहावं, अशी त्याचीच इच्छा असणार आहे.